खोट सांगायचा दिवस

नालवाडी, वर्धा
६ एप्रिल १९८६

नत्थू,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारण पुढं मी रागावणार आहे. सात वर्षांत तू मला सात कार्डं पाठवलीस. दर दिवाळीला एक, आणि त्यावर दोन ओळी: मी बरा आहे, तू बरी असावीस. भिलाईच्या कारखान्यात शाई रेशनवर मिळते का रे?

कामाचं लिहिते. तुझ्या भाऊजींनी नाव बांधली. हसू नकोस. शाळेत पोरांना रंधा धरायला शिकवणारा माणूस तीन वर्षं रोज शाळा सुटल्यावर अंगणात टिनाखाली तेच करत होता. शिवणीच्या फळ्या, बाभळीच्या फासळ्या, साडेअकरा फूट लांब. शीड मी शिवलं, हिंगणघाटच्या मिलच्या जाड कापडाचं. तू गेल्यापासून आपल्या नौका मंडळातल्या सगळ्या नावांची शिडं मीच शिवते, आणि तरी निवडीच्या दिवशी बायकांच्या हातात सरकी देत नाहीत. असो.

अकरा मेला, रविवारी, बोर धरणावर नावा मांडणार आहेत. रीत तीच आहे. बांधणाऱ्यानं आपल्या नावेपाशी उभं राहायचं, चार लोकांत आपल्या नावेची खोट आपल्याच तोंडानं सांगायची, मग प्रत्येक मेंबरानं मनात भरलेल्या नावेपुढच्या गाडग्यात एक सरकी टाकायची. ज्याच्या गाडग्यात जास्त सरक्या, त्याची नाव नागपूरच्या शर्यतीला. लोक अजून दात काढतात. म्हणतात, कापसाच्या मुलखात ह्या मास्तर-कारकुनांना समुद्र कुठं सापडला.

आता अडचण ऐक. परवा लक्ष्मणराव आले, मंडळाची वही आता त्यांच्याकडंच असते. ओव्हरसियरकीतून सुटले तरी चाल तीच, सगळीकडं मोजमाप घेत हिंडतात. नावेभोवती तीन फेऱ्या मारल्या, बोटाच्या पेरानं फळ्या वाजवून पाहिल्या, आणि म्हणाले, "अण्णाजी, नाव लय झकास झाली. पण वहीत नत्थूचा शब्द हाय, का त्याच्या नावेच्या सांध्यात लांबी तुम्ही भरली. तो शब्द त्यानं मागं घेतल्याबिगर मी तुमची नाव मांडू कशी? उद्या समदे मलेच बोलतीन."

हे म्हणाले, "बरं." बस. चहाचा कप उचलून मोरीत ठेवून आले.

नत्थू, तुझ्या नावेत मोटारीच्या पत्र्यावर भरतात ती लांबी कुणी भरली, ह्याला आता सात वर्षं झाली. ते ह्यांनी केलेलं नाही. मला कसं माहीत, ते विचारू नकोस. बायकोला नवरा माहीत असतो, एवढं समज. तू फक्त एक कागद पाठव: "अण्णाजींवर घेतलेला आळ मी मागं घेतो." सही कर आणि पाठव. तुझ्या दोन ओळींच्या सवयीतही बसेल.

हे छप्पन वर्षांचे झाले. परत एवढी नाव बांधायला कंबर राहणार नाही. मला सकाळपासून एका जागी बसवत नाही, तीनदा अंगण झाडून झालं.

तुझी ताई,
गोपिका

१९ एप्रिल १९८६

नत्थू,

कार्ड मिळालं. "ज्यानं केलं त्यानं सांगावं. मी शब्द मागं घेणार नाही." पुन्हा दोनच ओळी! कुठून आला हा ताठा? बाबा तर रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्यालाही बाजूला हो म्हणताना मऊ बोलत.

तू रागावलास, ते मला कळतं. मी काही आंधळी नाही. त्या निवडीच्या दिवशी मी काठावरच होते. छाती पुढं काढून तू सांगितलंस, "खोट एकच हाय, शीड लहान हाय. सांध्याची फिकर नोका करू. कापसाची वात ठोकून भरली हाय, आन् माह्या बहिणीनं आठ दिवस नावेवर ओली पोती ठेवली. फळ्या फुगून बसल्या." नऊपैकी सात सरक्या तुझ्या गाडग्यात पडल्या. दुपारी बँकेच्या प्रभाकररावांना समोर बसवून तू पाण्यात गेलास. शीड फुगलं तेव्हा मला रडू आलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. पहिला तास बरा गेला. मग फासळी मोडल्याचा आवाज थेट काठापर्यंत आला. एक, मग दुसरी. फळ्या स्क्रूसकट उखडल्या. मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे जवळ नसते तर प्रभाकरराव गेलेच होते. महिनाभर न्यूमोनियानं दवाखान्यात पडून होते.

ढिवरांनी तुकडे ओढून आणले आणि सांध्यांतून कापसाच्या जागी दगडासारखी लांबी निघाली. ज्याची नाव त्याची जबाबदारी, म्हणून मंडळानं तुझं नाव वहीतून खोडलं. तू ह्यांच्याकडं बोट दाखवलंस. नाव आमच्या अंगणात होती, गाडीवर घालून यांनीच आणली होती, मंडळाचे सेक्रेटरी म्हणून घरची नाव चकचकीत दाखवून मिरवायची ह्यांना हौस होती. सगळं जुळत होतं. हे खाली मान घालून उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत, आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. सेक्रेटरीपद त्याच आठवड्यात सोडलं.

पण नत्थू, जुळतं ते खरंच असतं असं नाही ना.

पोती मी भिजवतच होते. सकाळ-संध्याकाळ. विहिरीला पाणी नव्हतं तरी. तेव्हा त्या बाजूनं काही शंका नको.

भेंडी यंदा बरी आली आहे. शेजारच्या कुसुमबाईच्या मळ्यातली टोपलीभर परवा तिनं आणून दिली. तू असतास तर एकट्यानं अर्धी संपवली असतीस. कागद पाठव रे. नाक वर ठेवून कुणाचं पोट भरलं आहे?

ताई

२८ एप्रिल १९८६

नत्थू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पोती मी भिजवली नाहीत.

हे वाक्य लिहायला तीन दुपारी गेल्या. पाटावर बसते, उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. हे शाळेतून यायच्या आत कागद पोळपाटाखाली सारते. आज मात्र सगळं लिहूनच उठणार.

त्या वर्षी तू नाव आमच्या अंगणात ठेवून हिंगणघाटला कामावर परत गेलास. जाताना मला बजावलंस, "ताई, हे लाकूड उन्हानं आखडते. दिवसातून दोनदा पोती ओली करजो. एक दिवस चुकली त सांधे उघडतीन. आन् उघडलेच त घाबरू नोको, पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवलं का आपोआप मिटतेत. पण त्याच्यात कडक काही भरू नोको." मी हो म्हणाले. तुला वाटलं, ताईला सांगितलं म्हणजे झालं.

पहिले तीन दिवस भिजवली. मग कुसुमबाई म्हणाली गिरडला चल, टेकडीवरच्या पीरबाबांच्या दर्ग्यावर तिचा नवस फेडायचा होता. हे परीक्षेचे पेपर तपासायला नागपूरला गेलेले. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतं. एक दिवसाचे चार झाले. टेकडीवर गार वारा होता, बायका होत्या, गाणी होती. कितीतरी वर्षांनी मला कुणी "पाणी आण, भाजी चिर" म्हणत नव्हतं. खरं सांगते, नावेची आठवण यायची आणि मी ती बाजूला सारायची.

गुरुवारी परत आले. पोती वाळून पापडासारखी झाली होती. वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन तुला सांगायला नको. सांधे एवढे उघडले होते की फटीतून पलीकडची तुळस दिसत होती. तुझ्या कापसाच्या वाती पिंजून बाहेर लोंबत होत्या. कुसुमबाई कुंपणावरून म्हणाली, "माय वं! हे नाव हाय का चाळणी?" आणि तिच्या मळ्यावरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

तू सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. पाण्यात बुडवून ठेव. कुठं बुडवू? विहिरीत कमरेएवढं पाणी, तेही गाळाचं. रविवारी निवड. दीड वर्ष मिलमधून थकून येऊन तू फळ्या तासत होतास. ती नाव अशी लोकांपुढं गेली असती तर मंडळ हसलं असतं, सरकी सोड, कुणी जवळ आलं नसतं. आणि माझी चूक उघडी पडली असती. दोन्ही कारणं लिहिते, म्हणजे मी भली वाटणार नाही.

वाती उपटून काढल्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या गुलाबकडून मोटारीची लांबी आणली. तो म्हणाला, "वयनी, हे लय पक्की बसते, दगड हाय दगड." मला तेच तर हवं होतं. दिवसभर उन्हात बसून एकेक सांधा भरला, काचकागदानं घासला, वरून तू ठेवलेला निळा रंग दिला. किती गुळगुळीत झाली होती! मी तिच्यावरून हात फिरवून स्वतःचंच कौतुक केलं, नत्थू. फळ्या पाण्यात फुगल्या की त्यांना जागा लागते, ती जागा मी दगडानं बुजवून टाकली हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दाराची फट बुजवावी तशी नावेची बुजवली.

रविवारी सकाळी तू आलास, सांध्यांवरून बोट फिरवलंस, म्हणालास, "वा ताई! पोती कामी आली." मी म्हटलं, "हाव. दोन टाईम भिजवली." तेवढंच बोलले. तेवढ्यानंच सगळं बुडालं.

नंतर तू भाऊजींकडं बोट दाखवलंस, तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण प्रभाकररावांची बायको त्यांना उपड्या घड्यासारखं पालथं घालून पाणी काढत होती, आणि मला वाटलं, हा मेला तर मला फाशी देतील. मग ते जगले. मग तू गेलास. मग बोलायचा दिवसच उरला नाही, असं मी मला सात वर्षं सांगत आले.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. ते बिचारे समजतात, गुलाबनं नाहीतर तूच काही घोळ केला.

आता तू वाट्टेल ते म्हण. पण कागद पाठव. आणि एक मागते, लाज सोडून मागते. मंडळाला फक्त एवढंच लिही की भाऊजींनी केलं नाही. कुणी केलं ते लिहू नकोस. ह्या वयात चार बायकांत मान खाली घालून चालायचं बळ माझ्यात नाही.

ताई

८ मे १९८६

नत्थू,

दहा दिवस झाले. कार्ड नाही, कागद नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की पदर सावरत दारात जाते, आणि तो कुसुमबाईकडं वळतो. काल चालत वर्ध्याच्या मोठ्या पोस्टात जाऊन विचारून आले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, आलं का घरीच येते न! काऊन उन्हात फिरून राह्यल्या?" त्याला काय सांगणार.

पत्र मिळालं नसेल असं म्हणते. मग वाटतं, मिळालं असेल.

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ह्यांनी तीन वर्षांत मला नावेवरच्या पोत्यांना एकदाही हात लावू दिला नाही. शाळेत जाण्याआधी स्वतः भिजवतात, मधल्या सुट्टीत सायकल हाणत घरी येऊन भिजवतात, संध्याकाळी पुन्हा. काल मी बादली उचलली तर हातातून काढून घेतली. "राहू दे, तू शीड पाह्य." रागानं नाही. अगदी हळू.

मी शीड पाहिलं. टाका उसवलेला नव्हता, तरी उसवून पुन्हा घातला.

लक्ष्मणराव म्हणतात, कागद नसला तरी अण्णाजींना उभं राहू देऊ, त्यांनी सगळ्यांपुढं काय ते सांगावं. काय सांगणार आहेत हे? मी विचारलं तर म्हणाले, "पाहू."

ताई

१२ मे १९८६

नत्थू,

काल निवड झाली. ऐक.

पाच नावा होत्या. धरण आटून पाणी पार खाली गेलेलं, पण वारा होता. प्रभाकररावांनीही नाव बांधली आहे, तुला हे ठाऊक नसेल. ते उठले आणि म्हणाले, "माह्या नावेची खोट एकच. मालकाले अजून पोहता येत नाई." सगळे हसले. मीही हसले.

मग ह्यांची पाळी. पांढरी टोपी नीट केली. म्हणाले, "डोलकाठी अंगठाभर वाकडी हाय. लाकूडच तसं भेटलं." लक्ष्मणरावांनी वहीवर बोट ठेवलं. हे म्हणाले, "आन् एक राह्यलं. वहीत नत्थूचा शब्द हाय. तो खोडू नोका. त्याच्या नावेत लांबी..."

त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, हा माणूस आता "म्या भरली" म्हणणार. नाव मांडायची म्हणून नव्हे. तुझं नाव वहीत परत यावं म्हणून.

मी बायकांतून उठले. चपलाही घातल्या नाहीत, वाळू तापलेली होती. म्हटलं, "थांबा. लांबी म्या भरली." कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं, ओरडूनच. "नत्थूनं नाई, यायनं नाई. म्या भरली. पोती भिजवायची सोडून गिरडले गेलती, आन् सांधे उघडले म्हणून भरली. प्रभाकरराव, तुमचा जीव माह्यामुळे जात होता."

कुसुमबाईनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं होतं, कुणी थुंकेल. प्रभाकरराव उठून माझ्यासमोर आले. म्हणाले, "वयनी, सात वर्षं नत्थूच्या नावानं बोटं मोडली म्या. माह्या पोरायले सांगितलं, त्या माणसाची सावली घेऊ नोका." मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी मागितलीही नाही. लक्ष्मणरावांनी वही उघडली, तुझं खोडलेलं नाव तसंच ठेवलं आणि खाली नवीन ओळीत पुन्हा लिहिलं. माझंही लिहिलं, लांबीच्या नोंदीपुढं.

ह्यांच्या गाडग्यात चार सरक्या पडल्या, लक्ष्मणरावांच्या नावेला पाच. वाकडी डोलकाठी नडली. इतर नावांसारखीच नाव म्हणून पाहिली लोकांनी, वर-खाली, आत-बाहेर. हे येताना खुशीत होते.

बैलगाडीत आम्ही दोघंच. मागं नाव, वर पोती. हिंगणी गाव मागं पडलं. मग विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

"ढिवरायनं तुकडे आणले, त्याच दिवशी," म्हणाले. "नागपूरहून आलो तवा तू चहा देला. नखाखाली काहीतरी कडक होतं तुह्या, ते लांबी होती हे काठावर उमगलं. चार दिवस निघाली नाई."

नत्थू, सात वर्षं. सेक्रेटरीपद गेलं, शाळेतली पोरं मागून "लांबीमास्तर" म्हणायची, लग्नाकार्यात लोक यांच्याशी जपून बोलायचे. आणि मी रोज रात्री या माणसाला वाढत होते. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, काऊन नाई बोलले? माझी दया आली का? बायकोचं पाप पोटात घालून मोठे झालात का?

बैलांना हाकत ते म्हणाले, "साळा जवायावर रुसला त काही बिघडत नाई. पण भाऊ बहिणीवर रुसला का संपलं. आईबाप गेले तुह्ये. माहेर म्हणून हा एकटाच राह्यला. म्हटलं, त्याचा राग माह्यावर असू दे. तुले दोन ओळी त तो लिहीन."

घरी आल्यावर त्यांनी नाव उतरवली आणि पोती भिजवायला बादली माझ्या हातात दिली.

तर आता तुला सगळं माहीत आहे. भाऊजींवर रागवायचं कारण संपलं. राहिले मी. त्यांनी जे सात वर्षं सांभाळलं, ते मी एका पत्रात आणि एका दुपारी मोडलं असेल, तर तसं लिही. शिव्या दे. बहीण मेली म्हण. पण लिही, नत्थू. दोन ओळी चालतील.

गोपिका